पुढच्या खेपेस

गिटार कॉटवर ठेवली होती, उताणी,
खाली सोलापुरी चादर, मानेखाली स्वेटरची घडी,
एखाद्या पेशंटसारखी.
"पप्पांनी केलेली," रोहिणीबाई उजागरे म्हणाल्या.
"एकाहत्तर साल. दारूगोळा कारखान्यात पॅटर्नमेकर होते.
सुट्टीच्या दिवशी हेच."

खडकी बाजार, चर्चमागची गल्ली, दुपारचे तीन.
पंखा एक नंबरवर.
बाई मिरजेला भाचीकडे चालल्या होत्या कायमच्या,
अर्धं घर पोत्यांत भरलेलं.
मी पाकिटात मोजून अठरा हजार आणले होते,
फोनवर ठरले तेवढे.

पाठ शिसवीची.
"पलंगाचं डोकं ते. आईच्या आंदणातलं.
आई सहा महिने बोलली नाही त्यांच्याशी."
वरच्या टोकाला हाडाची पट्टी, तारा बसायला खाचा पाडलेल्या.
हाड मला कळतं.
कुणीतरी हे उकळून, घासून, नखावर फिरवून पाहिलं होतं.
"वाजवून तर बघा."
मला तीनच कॉर्ड येतात, त्यातला एक अडखळत.
खालचा सूर मोठा, पोटातून आलेला,
आणि पाचव्या पट्टीवर तिसरी तार कुरकुरली
नवी कवळी पहिल्या आठवड्यात कुरकुरते तशी.

मी दात करतो. रास्ता पेठेत, जिन्याखाली लॅब.
डॉक्टर मापं पाठवतात, मी तोंडं पाठवतो.
शर्टाच्या खिशात छोटा आरसा असतोच, सवयीनं,
लांब दांडीचा.
तो मी तारांमधून आत सोडला, मोबाइलचा उजेड धरला,
आणि वरच्या फळीची आतली बाजू पाहिली
जी विकत घेताना कुणी पाहत नाही.

मशीनच्या खोक्याचं देवदार.
काळा बाण अजून शाबूत: ही बाजू वर.
आणि बाणाशेजारी शिसपेन्सिलीनं, उलट,
पण आरशातलं उलटं मला सुलट वाचता येतं:
डावी बाजू पातळ झाली. घाई.
पुढच्या खेपेस सांभाळणे.

"झाली का पुढची खेप?"
"कसली?"
मी आरसा त्यांच्या हातात दिला.
त्यांनी चष्मा वर सरकवला, एक डोळा मिटला,
बराच वेळ काही दिसेना. मग दिसलं.
"हा 'ळ' त्यांचाच," त्या म्हणाल्या. "असा शेपटीचा."
आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहाला इतका वेळ लागत नाही.

मी मोजत बसलो, मोजायचं नव्हतं तरी:
नऊ हजार तोंडं झाली असतील माझ्या हातून.
घाई किती वेळा झाली, ते कुठे लिहिणार?
गुलाबी हिरडीच्या आत जागा नसते.
माझ्या चुका लोकांनी
चावून चावून गुळगुळीत केल्या,
भाकरीबरोबर गिळल्या, देवाघरी नेल्या.

बाई आल्या. कप ठेवले. डोळे धुतलेले.
"पुढची झाली नाही. बहात्तरात करवतीत दोन बोटं गेली."
मग बशीकडे बघत, अगदी सरळ आवाजात:
"आता वीस घेईन."

पुण्यात जन्म गेला माझा,
भाव उतरवायला लावणाऱ्यांत नाव आहे.
पण ही वाढ मला पटली.
अठरा हातात दिले, दोन फोनवरून.
त्यांनी पैसे दोनदा मोजले, चादरही दिली,
आणि दारात म्हणाल्या,
"ती डावी बाजू. भिंतीला टेकवून ठेवू नका."

रिक्षात ती मांडीवर आडवी.
वाकडेवाडीच्या खड्ड्यात सहाही तारा एकदम बोलल्या.
रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "वाजवता का?"
"नाही. दात करतो."
तो काही बोलला नाही.
संगमपुलावर मात्र, खड्डा नसतानाही,
त्यानं गाडी हळू घेतली.